एकसष्टावा झेंडा

ही घटना माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडली आहे. यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्या आहेत, कारण त्या लिहायला हात धजावला नाही.

आणि हो, असलं काही रात्रीच घडतं, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो आत्ताच सोडून द्यावा.

हे घडलं भर दुपारी. दोनच्या ठोक्याला. खिडकीतून लख्ख ऊन येत असताना.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्यात तिघं राहायची. मावशी, ताई आणि ताईचा धाकटा भाऊ पेंग्या.

पेंग्या चांगला चोवीस वर्षांचा बाप्या होता, पण बसल्या जागी पेंगायचा म्हणून लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नाही. त्याचा तरी काय दोष? त्याला फिट यायच्या. त्यावरच्या गोळ्यांनी डोळे मिटायचे. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. एक जरी चुकली, तरी फिट आलीच म्हणून समजा.

मावशी दिवसभर शिवणाच्या कारखान्यात. ताई एका इस्पितळाच्या धुलाई विभागात रात्रपाळीला. रात्रभर चादरी धुवायच्या, घड्या घालायच्या, सकाळी घरी येऊन स्वयंपाक उरकायचा आणि बाराला डोक्यावरून पांघरूण ओढून झोपायचं. तिला झोपताना उजेड अजिबात चालायचा नाही.

त्यामुळे दोनच्या गोळीची जबाबदारी एका ॲपवर होती. पेंग्याकडे हातात धरून खेळायचा एक छोटा व्हिडिओ गेम होता, त्यात ते मीच बसवून दिलं होतं. माझं मोबाईल आणि गेम दुरुस्तीचं दुकान आहे.

होतं गजराचंच ॲप, पण खेळासारखं. एक बुरूज. बुरुजावर एक खाट. खाटेवर झोपलेला एक चिमुकला पहारेकरी. वेळ झाली की तुतारी वाजायची आणि काळ्या सावल्या शिडीवरून वर चढायला लागायच्या. उजवं बटण दाबलं की ‘मी उठलो’. पहारेकरी ताडकन उभा राहायचा, कंदील उचलायचा, सावल्या पळायच्या आणि बुरुजावर एक नवा झेंडा लागायचा.

डावं बटण म्हणजे आणखी पाच मिनिटं झोप. मग तुतारी पुन्हा.

पेंग्या रोज संध्याकाळी मावशीला झेंडे दाखवायचा. मावशी त्या गेमला ‘डबडं’ म्हणायची, पण झेंडे मात्र बोट लावून मोजायची.

घरात एकच नियम होता. तो उठला नाही तर ताईने त्याला गदागदा हलवायचं. पण उजवं बटण त्याचं त्यानेच दाबायचं.

त्या दिवशी ताई सलग दोन पाळ्या करून आली होती. अंगात त्राण नव्हतं.

दोन वाजले... तुतारी वाजली.

“पेंग्या, ऊठ रे,” ताई पांघरुणातूनच म्हणाली.

“हूं,” तो म्हणाला, आणि हलला नाही.

तुतारी वाजतच होती. ताईचं डोकं फुटायला आलं होतं. तिने डोळे न उघडता हात लांब केला आणि बटण दाबलं.

उजवं.

खोली शांत झाली. ताईला वाटलं, दोन मिनिटांनी उठवू.

तिला जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. पेंग्या खाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पडला होता. गोळी वाटीत तशीच होती. डॉक्टर म्हणाले, पावणेतीनच्या सुमारास गेला असावा.

मावशीने त्या रात्री ते डबडं छातीशी धरलं. पडद्यावर पहारेकरी कंदील घेऊन उभा होता. झेंडे होते एकसष्ट.

“उठला होता की गं माझं पोर,” ती म्हणाली. “मग गोळी का नाही घेतली त्यानं?”



मावशी हे रोज विचारायची. जेवताना, कपडे वाळत घालताना, मध्येच सुई थांबवून. उत्तर फक्त ताईजवळ होतं, आणि ते काही केल्या तिच्या ओठांवर येईना. आईने लेक गमावला होता, आता लेकीकडेही ती पुन्हा कधी बघणार नाही, ही धास्ती तिला आतून पोखरत होती.

पंधरा दिवसांनी दोघी कामावर जायला लागल्या. ताई त्या दुपारी एकटीच झोपली होती. शेजारची खाट रिकामी.

दोन वाजले...

तुतारी.

तिने फळीवरचं डबडं उचललं. पहारेकरी पुन्हा झोपला होता. सावल्या शिडी चढत होत्या. तिने उजवं बटण दाबलं.

तो उठला नाही.

तिने पुन्हा दाबलं. दोन्ही बटणं दाबली. बोटं दुखेपर्यंत दाबत राहिली. सावल्या वर पोचल्या आणि खाटेभोवती नुसत्या उभ्या राहिल्या...

पावणेतीनला आवाज आपोआप थांबला. ताईने झेंडे मोजले.

साठ.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. मी ॲप काढून टाकलं. तरी वाजलं. मी बॅटरीच काढून माझ्या खणात ठेवली. तरी वाजलं.

मी म्हणालो, “ताई, तुझी झोप होत नाहीये. भास होतात अशाने.”

ती म्हणाली, “तू एकदा येऊन बस.”

गेलो. फुकटचा शहाणपणा सुचला होता ना मला. खुर्ची ओढून डबड्यासमोर बसलो. मागचं झाकण उघडं, बॅटरीची जागा रिकामी.

दोन वाजले... आणि पडदा उजळला.

तुतारी वाजली. त्याच वेळी माझ्या पाठीमागे पेंग्याची खाट करकरली. कोणीतरी कूस बदलावी, तशी.

मी चपला न घालता तीन मजले उतरलो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ताई मागोमाग खाली आली. जिन्याच्या पायरीवर बसून तिने मला बटणाचं सगळं सांगितलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, “आईला कोणत्या तोंडाने सांगू?”

“सांगावंच लागेल,” मी म्हणालो. मला खरंच वाटत होतं, सत्य बाहेर पडलं की हे थांबेल. त्याला तेवढंच हवं असेल.

ताईने पुढे कितीतरी दिवस घेतले. झेंडे तेवीस उरले, त्या संध्याकाळी ती मावशीसमोर बसली आणि बोलली. मी तिथेच होतो.

मावशीने हातातलं शिवण बाजूला ठेवलं.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “झेंडे मीही मोजते. पहिल्यांदा त्याच दिवशीचा उतरला, तेव्हाच कळलं की तो उठलाच नव्हता. आणि घरात दुसरं होतं कोण?”



मावशीने तिला जवळ घेतलं. “मला वाटत होतं, मी विचारत राहिले तर तू बोलशील. आणि तू बोललीस की तो शांत होईल.”

त्या रात्री ताई कामावर गेलीच नाही, लहान मुलीसारखी आईच्या कुशीत झोपली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दोनला तुतारी वाजली.

बावीस.

डबडं फेकून दिलं नाही का, असं विचाराल. ताईने ते लांबच्या नाल्यात टाकलं होतं. त्या दुपारी तुतारी तिच्या मोबाईलवर वाजली. माझ्या घरी दोन दिवस झोपायला आली, तर तिथेही वाजली. आणि मोबाईलवरही तोच बुरूज, तेवढेच झेंडे. ते ॲप मोबाईलसाठी बनलेलंच नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

ताईने रात्रपाळी सोडायचं ठरवलं, पण दिवसपाळी मिळेना. नोकरी सोडली तर चूल पेटायची नाही. आणि आता तर नवीनच भानगड आहे. ताईची झोप जड व्हायला लागली आहे. रोज थोडी जास्त. पूर्वी पाल चुकचुकली तरी उठणारी बाई, आता हाकेलाही उठत नाही. इस्पितळातल्याच डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले.

बारा झेंडे उरले, तेव्हा बुरुजावर आणखी एक बदल झाला.

तिथे दुसरी खाट आली.

पहारेकरी आता जागा असतो. कंदील घेऊन त्या दुसऱ्या खाटेशी उभा असतो. खाटेवर कोणीतरी डोक्यावरून पांघरूण ओढून झोपलेलं आहे...

तेव्हापासून मी रोज दुपारी दोनला ताईला फोन करतो. तिने उचलायचा, “उठले” म्हणायचं, मग मी ठेवायचा. असं ठरलं आहे. सुरुवातीला चार रिंगांत उचलायची. मग दहा. परवा पूर्ण रिंग वाजून फोन दोनदा कटला, तेव्हा कुठे तिसऱ्यांदा उचलला.

काल मी दोनला फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

मला बरं वाटलं. “ताई, उठलीस?” मी विचारलं.

पलीकडून काही बोलणं नाही. श्वासही नाही. लांबून तुतारीचा एक सूर... आणि फोन बंद.

मी दुकान उघडं टाकून धावत सुटलो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ताई डोक्यावरून पांघरूण ओढून झोपली होती. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. तब्बल दहा मिनिटांनी तिने डोळे उघडले.

तिचा मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

“फोन तू उचललास?” मी विचारलं.

“वाजला होता?” ती म्हणाली.

मी दोन्ही मोबाईल तपासले. दोन वाजताचा कॉल. उचललेला. अकरा सेकंद.

म्हणजे ताई उठली आहे, असं तिच्या वतीने कोणीतरी मला कळवून टाकलं होतं.

काल पाच झेंडे होते. आज मी दुकान बंद ठेवून ताईच्या उशाशी बसलो आहे. पावणेदोन झाले आहेत. मी केव्हापासून तिला हाका मारतो आहे.