सोनेरी रेघेपाशी थांबलेली कसर

"उद्या खालाची नोकरी जाणार आणि तू कलिंगड खातोयस," रोशनक बर्दियाला म्हणाली. बर्दियाने हातातली फोड संपवली आणि मगच तो उठला. मावसभाऊ असला म्हणून काय झालं, पोट आधी!

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं इस्फहानला तूरान खालाकडे, म्हणजे मावशीकडे आली होती. खाला बावीस वर्षं एका खासगी ग्रंथालयात जुन्या पोथ्यांची डागडुजी करत होती. चारशे वर्षांच्या एका पोथीतलं पान गायब झालं आणि ग्रंथपाल आगा मोहतशम यांनी आळ घेतला तो तिच्यावर. हे मोहतशम म्हणजे उंटावरचे शहाणे. पोथी वाचायची वेळ आली की यांचा चष्मा नेमका घरी राहायचा. ऐट मात्र अशी, की लिपी यांच्याच अंगणात जन्मली.

दोघं खालाचा डबा घेऊन ग्रंथालयात गेली, तर मोहतशम यांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून भिंतीवरची चौकट दाखवली. शिराजहून आणलेलं पान, अक्षर अस्सल, भोवतीचा हाशिया म्हणजे समासाचा कागदही अस्सल, पारखी नजर लागते वगैरे बरंच ऐकवलं. मध्ये काळी अक्षरं, भोवती सोनेरी रेघ, रेघेबाहेर हाशियात सोन्याचे कोल्हे आणि बगळे. पोरांना काय कळतंय, असं त्यांना वाटलं.

रोशनकला कळलं. अक्षरांच्या भागात कागद खाणाऱ्या कसरीने पाडलेली सात भोकं होती. हाशियात एकही नव्हतं.

"कसर रेघेपाशी येऊन थांबली?" बाहेर आल्यावर ती म्हणाली. "एवढा सभ्य तर तूही नाहीस."

"मला कशाला मध्ये घेतेस? हाशिया नवा चिकटवलाय, एवढंच."

"हो, पण का? जुना असता तर खालाने पान लगेच ओळखलं असतं."

पोथी खालाच्या टेबलावरच होती. नक्षी उतरवायला खाला पातळ कागद ठेवून सुईने टोचायची. रोशनकने तसंच केलं. हरवलेल्या पानाच्या पुढच्या पानावर कागद ठेवला आणि भोकं टोचून घेतली. कसर पानं आरपार खात जाते, एका पानावर तिचं भागत नाही. आठ भोकं निघाली.

दुसऱ्या दिवशी खालाच्या नोकरीचा निर्णय द्यायला ग्रंथालयाच्या विश्वस्त बद्री खानम आल्या. मोहतशम प्रामाणिकपणावर अर्धा तास बोलले. तेवढ्यात धूळ पुसायच्या निमित्ताने बर्दियाने चौकट उतरवून आणली. रोशनकने तिच्यावर कागद ठेवला. सात भोकं सात भोकांवर बसली. आठवं आलं हाशियातल्या कोल्ह्याच्या पोटावर, आणि कोल्हा धडधाकट होता.

मोहतशम यांनी आधी शिराजच्या दुकानदाराला दोष दिला, मग पोरांच्या वळणाला.

"मोहतशम, चोरीसुद्धा तुम्हाला धड जमली नाही," बद्री खानम म्हणाल्या.

खालाने एकच विचारलं, "जुना हाशिया कुठे आहे?"

"फेकला. भोकं पडलेला चिंधी कागद तो."

खाला रडू लागली. आळ आला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती.

मोहतशम यांची त्याच दिवशी उचलबांगडी झाली. बद्री खानमनी मुलांना जवळ घेतलं. आपल्या ग्रंथपालाला जन्मात दिसलं नाही ते या पोरांनी पाच मिनिटांत पाहिलं, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग खालाला म्हणाल्या, आता तूच सुंदर हाशिया रंगव.

खालाने नकार दिला. तिने पान पोथीत परत बसवलं आणि भोवती नुसता कोरा कागद लावला.

"राहू दे असाच," ती म्हणाली. "पोथी उघडील त्याला दिसू दे, इथे कसला माणूस बसत होता ते."