मास्तर एक घर पुढे

ही घटना खरी आहे. लंकाबाई अजून हयात आहेत. इतक्या वर्षांत सांगताना त्यांचा एक शब्दही कधी इकडचा तिकडे झालेला नाही.

गावाचं नाव घेत नाही. नाशिकहून एसटीने दोन तासांवरचं, छोट्या नगरपालिकेचं गाव. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. एप्रिल महिना.

आणि वेळ… भर दुपारची.

लंकाबाईंचे यजमान सहादू मास्तर गावचे नगराध्यक्ष होते. जानेवारीत, कचेरीतच, काम करता करता गेले. छातीत कळ आली आणि संपलं. तीन महिन्यांनी पोटनिवडणूक लागली.

नगरसेवक खंडेराव अर्ज घेऊनच घरी आले.

"वहिनी, तुम्हीच उभ्या राहा. दुसरा माणूस आला तर नळाचं काम बंद पाडील. मग खालच्या वस्तीला पाणी विसरा."

नळयोजना मास्तरांनी जिवाचं रान करून मंजूर करून आणली होती. वस्तीतल्या बाया अजून मैलभर लांबून हंडे आणत होत्या. लंकाबाईंनी सही केली.

प्रचाराला सोबत शेजारची गुलजारबी असायची. दुपारी पुरुषमाणसं कामावर जात, बाया घरी सापडत. म्हणून दोघी भर उन्हात निघत.

पहिल्या दिवशी हातमागवाल्यांची गल्ली. पहिल्याच घरात अमिना नावाची नवी नवरी. लग्न होऊन पंधरा दिवस झालेले, गावात कुणाची ओळख नाही.

गुलजारबी म्हणाली, "बेटी, या लंकाबाई. यांना मत द्यायचं."

अमिना गोंधळली.

"पण आत्ताच एक चाचा येऊन गेले ना, खाला. मतांचंच बोलत होते. पाणी पिऊन गेले."

ओट्यावर पेला होता… तळाशी घोटभर पाणी.

"कोण चाचा?"

"उंच होते. सायकलवर आले. या हाताला भाजल्याचा मोठा डाग."

गुलजारबीच्या हातातली पत्रकं खाली पडली. मास्तरांचा उजवा हात लहानपणी चुलीत भाजला होता.

"काय म्हणाले?" लंकाबाईंनी विचारलं.

"म्हणाले, लंकूला मत देऊ नका." मग अमिनाने निरागसपणे विचारलं, "ही लंकू कोण आहे, खाला?"

लंकाबाईंना गाव बाई म्हणायचं, वहिनी म्हणायचं. लंकू म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

आणि तेही घरात, दोघंच असताना.

लंकाबाई बौद्ध. भूतबित त्या मानत नव्हत्या. कुणीतरी चावटपणा करतंय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खंडेरावांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरसूलकडून मजुरीला आलेलं एक कुटुंब भेटलं. तेच.

"आत्ता सायकलवाले आले व्हते ना…"

तिसऱ्या दिवशी बदलून आलेला पोस्टमन. तेच.

ज्यांनी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं, तीच माणसं सांगायची. नेहमी एक घर पुढे. नेहमी आत्ताच येऊन गेलेले.

मग आवाज यायला लागला.

खड… खड… खड…

मास्तरांच्या सायकलचं मागचं मडगार्ड सैल होतं. तो आवाज लंकाबाईंनी अठरा वर्षं ऐकला होता. त्या धावत वळणावर गेल्या. गल्ली रिकामी. सांडपाण्यावरून गेलेला चाकाचा ओला माग मात्र होता. पाच-सहा हात गेला होता…

आणि गल्लीच्या मधोमध संपला होता.

घरी येऊन त्यांनी आतल्या खोलीचं कुलूप काढलं. सायकल भिंतीला टेकलेली. सीटवर तीन महिन्यांची धूळ.

चाकं ओली होती.

त्या रात्री त्यांना भीतीपेक्षा राग जास्त आला. आपलाच माणूस, आणि आपल्याच मुळावर उठलाय?

मतदानाला दोन दिवस राहिले. रोज त्या गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करायच्या. त्या दिवशी गुलजारबीला तिथेच उभं केलं आणि पुढे जाणाऱ्याच्या आधी पोचायचं म्हणून स्वतः एकट्या थेट शेवटच्या घरी गेल्या. भागीबाईंचं घर. म्हातारी दोन्ही डोळ्यांनी आंधळी, पण कान तिखट.

"मावशी, थोडं बसते," म्हणून लंकाबाई उंबऱ्याकडे तोंड करून बसल्या.

बारा वाजले. बाहेर कोंबड्या चरत होत्या. त्या एकदम गप्प झाल्या.

खड… खड… खड…

आवाज दारात येऊन थांबला. दारात कुणीच नव्हतं. नुसतं पांढरं ऊन.

लंकाबाईंनी पदर सावरला. त्या उन्हाकडे बघूनच त्या बोलल्या.

"का हो? मी नको का तुम्हाला? पाण्याचं काम अर्धं टाकून गेलात. ते मी पुरं करू नको?"



भागीबाईंनी अंधारात चाचपडावं तसा लंकाबाईंचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"तुला ऐकू नाय आलं?"

"काय?"

"मास्तर बोलला की आत्ता." भागीबाईंनी दाराकडे मान वळवली. "म्हन्ला, तिला सांग… ती खुर्ची रिकामी नाय."

बाहेर कोंबड्या पुन्हा चरायला लागल्या.

लंकाबाईंनी माघार घेतली नाही. घ्यायची म्हटली तरी अर्ज काढून घ्यायची मुदत संपली होती. एकेचाळीस मतांनी त्या निवडून आल्या. गुलाल उधळला गेला. वस्तीतल्या बाया रडल्या.

पहिल्या दिवशी कचेरीत शिपाई काळूने अध्यक्षांची खुर्ची मागे ओढून दिली. वेताची, उंच पाठीची.

लंकाबाई दोन पावलं पुढे गेल्या… आणि थांबल्या. मग भिंतीलगतच्या लाकडी बाकावर जाऊन बसल्या. "कागद इथेच आण," म्हणाल्या.

काळू त्यांच्याकडे बघतच राहिला. हळूच म्हणाला,

"बाई, तुम्हाला मास्तरांनी सांगितलं व्हतं का?"

"काय?"

"तेबी शेवटचे पंधरा दिवस बाकावरच बसायचे. म्या लय इचारलं, का म्हनून. बोलायचे नाय. नुसते खुर्चीकडं बघत ऱ्हायचे… अन् ज्या दिवशी गेले ना, त्या दिवशी पाव्हने आले व्हते मुंबईचे. लाजेकाजेस्तव मास्तर बसले खुर्चीत."

खोलीत पंखा बंद होता. वाऱ्याची झुळूक नव्हती.

खुर्चीचा वेत करकरला… कुणीतरी अंग सावरून बसावं, तसा.

उरलेली सगळी मुदत लंकाबाईंनी त्या बाकावर काढली. पुढच्या पावसाळ्याआधी खालच्या वस्तीत नळ आले. मडगार्डचा आवाज पुन्हा कधी आला नाही.

मास्तरांच्याही आधीपासून त्या खुर्चीत कोण बसून होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. विचारायला कुणी उरलंही नाही.

आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. कुणाच्या घरी गेल्या आणि कुणी खुर्ची पुढे केली, की त्या आधी सीटवरून हात फिरवून बघतात.

मगच बसतात.

कधीकधी हात फिरवतात… आणि उभ्याच राहतात.