निळं पडलेलं पातं

"आजोबांनी हे केलेलंच नाही," टिल्लीने घडीचा चाकू उघडून दोघांपुढे धरला. "धारेपाशी बघा. निळसर झाक दिसतेय?"

तिच्या धाकट्या भावाने, भोपळ्याने, नाक थेट पात्याला भिडवलं. मामेबहीण ताईने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. एरवी सुट्टीत यावर तिघं पोट धरून हसली असती, पण सध्या मामाच्या घरात हसायची चोरी होती.

गेल्या आठवड्यात मामाचा हात होडीच्या दोरात अडकला. दुसऱ्या हाताने त्याने हाच चाकू काढला, पण दोर काही कापेना, चाकू नुसता घसरत राहिला. मामाची दोन बोटं गेली. चाकूला धार लावायचे आजोबा. म्हातारपणी हात चालत नाहीत तर सांगायचं तरी, असं मामी त्यांच्या तोंडावर बोलली. तेव्हापासून आजोबा धड जेवत नव्हते.

आजोबा ओल्या दगडावर हलक्या हाताने पातं फिरवत, मग सगळी सकाळ त्यातच का जाईना. पातं तापून निळं पडलं की पोलाद मऊ होतं आणि धार टिकत नाही, हे त्यांनीच टिल्लीला शिकवलं होतं. इतकं तापायला यंत्राचं चाक हवं. तसं चाक होतं होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये.

सरळ विचारलं असतं तर तिथल्या मिस्त्रीने तिघांना हाकलूनच दिलं असतं. म्हणून टिल्लीने साळसूदपणे चाकू पुढे केला. मामाने मागच्यासारखीच धार लावून आणायला सांगितलंय, म्हणाली.

"पुन्हा चाकावर?" मिस्त्री वैतागला. "ठिणग्या उडत होत्या, तेव्हाच म्हटलं होतं त्याला, मधेमधे पाण्यात बुडव. ऐकतोय कुठे!"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटी मामा म्हणजे तिचे बाबा. टिल्लीला वाटलं, ही आता गप्प राहायला सांगणार.

"घरी चला," ताई म्हणाली. "मीच बोलते."

तिने चाकू मामाच्या उशाशी ठेवला आणि सगळ्यांसमोर मिस्त्रीचं बोलणं सांगितलं. मामाने मान खाली घातली. सकाळी लवकर होडी सोडायची होती, तुम्हाला दिला असता तर दुपार झाली असती, असं तो आजोबांकडे न बघताच पुटपुटला. मग आम्ही त्यांना बोलत होतो तेव्हा तुमची वाचा बसली होती का, असं मामीने विचारलं. मामीने आजोबांचे पाय धरले. तुम्ही पोरं नसतात तर हे पाप आमच्या माथी राहिलं असतं, असं ती तिघांना म्हणाली.

आजोबांनी टिल्लीच्या पाठीवर थाप मारली. नजर पक्की आहे पोरीची, म्हणाले. मग ते मामाच्या बँडेज बांधलेल्या हाताकडे वळले.

"सकाळी हवाय म्हणाला असतास," ते म्हणाले, "तर रात्रभर बसलो असतो रे मी."

आणि इतके दिवस आवरलेलं रडू त्यांना आता आवरेना.