बोरीचा उपास

"पाने शून्य. हिरवेपणा शून्य. झुडूप क्रमांक एकेचाळीस मृत," असं म्हणत टाळ्यानं उपटायचा पंजा पुढं केला.

"हात तर लावून बघ!" गिरिजा झुडपापुढं आडवी आली.

साल दोन हजार एकाहत्तर. माणदेशात सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. देवळामागच्या माळाची माती वाऱ्यानं उडू नये म्हणून शाळेनं तिथं झुडपं लावली होती. त्यांची निगा राखायला टाळ्या नावाचा हा चारपायी यंत्रमानव ठेवला होता. मेलेली झुडपं काढायची आणि तिथं नवी रोपं लावायची, असा त्याला हुकूम. पण ही बोर गिरिजानं दुसरीत असताना स्वतःच्या हातानं लावली होती. आता ती सहावीत होती. बोरीच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. शेजारचा तरवड मात्र हिरवागार.

"अण्णा, या की लवकर!"

अण्णा म्हणजे तिचे आजोबा. जन्मभर वनस्पतींचा अभ्यास केलेले, आणि दर एकादशीला देवळात कीर्तनाला उभे राहणारे. उपरण्यानं घाम पुसत ते चढण चढून आले. त्यांनी बोरीच्या फांदीवर नखानं ओरखडा काढला. सालीखाली ओलसर हिरवी रेघ उमटली.

"जिवंत आहे गं बाई. उपास धरलाय तिनं."

"झाडं कुठं उपास करतात?"

"करतात तर! बस खाली. टाळ्या, तूही पंजा आवर." अण्णांनी घसा खाकरला. आता आख्यान लागणार, हे गिरिजानं ओळखलं.

"पानांवर पर्णरंध्रं (उघडमीट करणारी अतिबारीक तोंडं) असतात. अन्न तयार करायला झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड (आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायू) लागतो. तो घ्यायला तोंड उघडावं, तर आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. माती कोरडी पडली, तर तू काय करशील?"

"तोंड मिटून बसेन."

"आणि जेवशील काय?"

"मग उपाशीच की!"

"हाच तर पेच! माती सुकल्याचं मुळांना कळलं, त्यांनी पानांना निरोप धाडला, तोंडं मिटली. तरी पानांतून थोडं पाणी झिरपतच होतं. मग हिनं पानंच गाळली. आता खोडामुळांत साठवलेल्या पिठूळ अन्नावर दिवस काढतेय."

"मग तरवड?"

"तो फराळावर उपास करणारा गडी. सकाळच्या गारव्यात चार घास खातो, ऊन चढलं की तोंड मिटतो. पानं टिकतात, पण जीव टांगणीला."

टाळ्यानं पंजा मातीत टेकवला. मग म्हणाला, "काल सात उपटली. ओरखडा काढून पाहिला नव्हता."

अण्णांनी त्याच्या पत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. "आम्ही तुला शिकवलंच नव्हतं, लेका."

आज माळासाठी एकच कळशी पाणी होतं. गिरिजा ती घेऊन थेट बोरीकडे निघाली.

"थांब. टाळ्या, कान लाव आधी."

टाळ्याच्या बोटात, माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारा कान होता. ते आवाज तो टाळासारखे वाजवून दाखवी. म्हणून तर त्याचं हे नाव. त्यानं बोरीच्या खोडाला बोट लावलं. शांत. तरवडाला लावलं. टिक्. टिक् टिक्. टिक्टिक्टिक्!

"अय्या, हा तर मजेत भजन करतोय!" गिरिजा हसली.

अण्णा हसले नाहीत. "कीर्तनात टाळ वाढला की रंग चढतो, बाळ. खोडात टाळ वाढला की जीव जातो. आतल्या काष्ठवाहिन्यांत (पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत) पाण्याची अखंड दोरी मुळापासून पानापर्यंत ताणलेली असते. माती पाणी देईना आणि पानं ओढायची थांबेनात, की ती तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. टिक् वाजलं की समजायचं, कुठंतरी एक वाट बंद झाली. बोरीला ओढणारी पानंच नाहीत, म्हणून ती शांत."

कळशी गिरिजाला एकदम जड वाटली. तिनं बोरीच्या काटकीवरून बोट फिरवलं. "रागावू नकोस हं," असं पुटपुटून सगळं पाणी तिनं तरवडाच्या बुंध्याशी ओतलं.

दिवेलागणीला टाळ्यानं पुन्हा बोट लावलं. टिक्... मग कितीतरी वेळ काहीच नाही.

"पोचलं पाणी," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही झुडपांना हात जोडले. "उपाशीतापाशी राहून ही दोघं आपली माती धरून बसलीत. पांडुरंगा, यांचं ऋण कसं फेडावं रे!"

गिरिजानंही हात जोडले. तिला पाहून टाळ्यानं पुढचे दोन पाय जुळवले. मग आपल्या नोंदीतलं 'मृत' पुसून त्यानं लिहिलं, 'उपास चालू'. "आजूबाजूच्या गावांतल्या यंत्रांनाही कळवलं," तो म्हणाला. "आधी ओरखडा, मग पंजा. गिरिजा, हिचं पारणं कधी?"

"पाऊस मुरला की पालवी फुटेल. बोरं लागली की पहिलं तुला."

"मला खाता येत नाही."

"माहितेय रे. तुझ्या वाटचं मी खाईन!"