चोक कोणी धरला?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण ही घटना खरी आहे. मी नर्स आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हसणाऱ्यांतली. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आमच्याच घरामागच्या शेडमध्ये, गेल्या हिवाळ्यातल्या एका धुकट सकाळी.

रात्र नव्हती. चांगलं उजाडलं होतं. म्हणूनच जास्त भीती वाटते.

माझे बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. वय झालं तरी रोज कामावर जायचे, आणि जायचे ते त्यांच्या जुन्या विलायती गाडीतूनच. इंग्लंडमध्ये बनलेली, बाबांपेक्षा थोडीशीच लहान. लोक अशा गाड्या लग्नात नाहीतर प्रदर्शनात मिरवतात. बाबा तिच्यातून भाजी आणायचे.

आई तिला "माझी सवत" म्हणायची.

सवतीचे नखरेही तसेच. तिचा सेल्फ केव्हाच मेला होता, म्हणजे चावीने ती सुरू व्हायची नाही. समोरच्या भोकात लोखंडी हँडल घालून फिरवावं लागायचं. आणि थंडीत ते एकट्याचं काम नव्हतं. बाबा पुढे उभे राहून हँडल मारायचे. आई ड्रायव्हरच्या सीटवर. आधी गिअर सुटा आहे का, म्हणजे गाडी कुठल्याही गिअरमध्ये नाही ना, ते बघायची, मग एका हाताने जास्त पेट्रोल सोडणारा चोक ओढून धरायची आणि पायाने क्लच दाबून ठेवायची. क्लच दाबलेला असला की गारठलेलं इंजिन हलकं फिरतं. नाहीतर हँडल दगडासारखं जड.

"सुटा आहे, मारा," ती आतून सांगायची. मगच बाबा हँडलला हात लावायचे. अख्ख्या संसारात हाच शिरस्ता. बाबांनी गिअर स्वतः कधी बघितलाच नाही. बघायची वेळच आली नाही.

शेड अरुंद. गाडीचं नाक भिंतीकडे. मध्ये बाबा मावतील एवढीच जागा. गिअर पडलेला असताना क्लच सुटला, तर गाडी सरळ अंगावर.

थंडी सुरू व्हायच्या आधी आई गेली. साधा ताप आला, छातीत उतरला, आणि बघता बघता ती हातातून निसटली.

गाडी पडून राहिली. बाबा बसने जाऊ लागले. त्यांची जेवणावरची वासना उडाली. कोणी भेटायला आलं की "चालायचंच" म्हणायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. सीटवर मी बसते, असं मी एकदा म्हणून पाहिलं. राहू दे, म्हणाले.

मग एका सकाळी मी रात्रपाळी करून घरी येत होते. गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं...

गाडीचं इंजिन.

बाबा शेडमध्ये उभे होते. हातात हँडल, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू. मी विचारलं, आत कोण बसलं होतं?

"आई," ते म्हणाले. इतक्या सहज, जणू ती आत्ताच दूध तापवायला घरात गेली असावी.

मला वाटलं, दुःखाने म्हातारा भ्रमिष्ट झाला. मी समजूत घालायला गेले. त्यांनी वाद घातला नाही. उद्या तूच हँडल मार, एवढंच म्हणाले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी मी मारलं. सीट रिकामी होती, मी स्वतः वाकून बघितली. हँडल आत घातलं, दोन्ही हातांनी जोर लावला...

ते हलकं फिरलं.

अगदी हलकं. म्हणजे क्लच दाबलेला होता.

मी मान वर केली. समोरच्या काचेवर आतून वाफ धरली होती. फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. ती विरायची... परत यायची... विरायची... परत यायची.

आत कोणीतरी श्वास घेत होतं.

मी हँडल सोडून भिंतीला टेकले. बाबा मात्र गाडीच्या बाजूला उभे राहून नव्या नवरदेवासारखे लाजत हसत होते.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही बरं वाटलं. आई आहे, असं वाटलं. पण एक गोष्ट खटकत राहिली. "सुटा आहे, मारा" हे शब्द काही आतून येत नव्हते. मी तसं बोलून दाखवलं, तर बाबा म्हणाले, हँडल हलकं लागलं की समजायचं तिने सांगितलं. निदान गिअर तरी बघत जा, म्हटलं. त्यावर ते दुखावले.

"इतक्या वर्षांत तिने एकदा तरी चूक केली का गं?"



शेवटी मी परस्पर मेकॅनिकला बोलावलं. सेल्फ दुरुस्त झाला की हँडलची भानगडच मिटेल. माणूस जुन्या गाड्यांत मुरलेला, जिभेला हाड नसलेला. हिला आता वृद्धाश्रमात टाका, असं म्हणत तो सीटवर बसला... आणि त्याने पाय एकदम वर घेतला.

हळूच उतरला. हत्यारं गोळा करू लागला. मी विचारलं, काय झालं?

"ताई, क्लचवर पाय ठेवायला गेलो," तो म्हणाला. "तिथे आधीच कोणाचा तरी पाय आहे."

तो पुन्हा आला नाही. फोनही उचलेना. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आनंदाने.

आणि मग ती सकाळ. धुकं इतकं की समोरचं घर दिसत नव्हतं. मी पाळी संपवून आले तेव्हा बाबा कामाला निघायच्या तयारीत, भिंत आणि गाडीच्या मध्ये वाकून उभे होते. मी त्यांना डबा घेतला का विचारत ड्रायव्हरच्या दारापाशी आले. सहज आत नजर गेली.

क्लचचं पेडल... तळाला टेकलेलं.

चोक बाहेर ओढलेला.

आणि गिअरचा दांडा... पुढे. पहिल्यात.

हँडल आजही हलकंच लागणार होतं. बाबांना काही कळणार नव्हतं.

"बाबा, मारू नका. गिअरमध्ये आहे."

त्यांचा हात फिरून गेला होता. इंजिन लागलं. बाबांनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही. काचेकडे.

मी जिवाच्या आकांताने दार ओढत होते. ते उघडेना. त्याला कुलूप नव्हतं.

मग पेडल वर आलं... सावकाश... सरावलेल्या पायाने सोडावं तसं.

पुढचं मी सांगणार नाही. शेजाऱ्यांनी गाडी मागे ओढली तेव्हा बाबांचा श्वास चालू होता, एवढंच.

माझ्याच वॉर्डात त्यांना ठेवलं. डॉक्टर मला काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. आम्हाला कळतं. संध्याकाळी बाबा शुद्धीवर आले. मी हात धरून बसले होते. मला एकच आधार उरला होता. आईला एकटीला करमलं नसेल, म्हणून ती न्यायला आली. रागावले होते मी तिच्यावर, फार रागावले होते. पण निदान दोघं बरोबर असतील, असं मी मनाला समजावत होते.

तेच मी त्यांना म्हटलं.

"बाबा, आईच होती ना? तुम्हाला घ्यायला आली होती ना?"



"काचेवरची वाफ गेली होती," ते म्हणाले. "मला दिसलं, आत कोण होतं ते."

"कोण होतं?"

त्यांनी सांगितलं नाही. फक्त मान हलवली. नाही म्हणून. आई नाही म्हणून.

मग माझा हात घट्ट धरला.

"मग ती कुठे आहे गं?"

मी किती माणसांना शेवटच्या घटकेला गोड खोटं सांगून शांत केलंय. रोजचं काम आहे ते माझं. त्या दिवशी मला ते जमलं नाही. बाबा परत परत तेच विचारत राहिले, आवाज बारीक होत गेला, आणि ते विचारता विचारताच गेले.

शेडला कुलूप घातलंय. तिकडे कोणी फिरकत नाही. पण आई कुठे असेल, या विचाराने माझी झोप अजूनही उडते.