गाडीमागचं पाणी

तुर्कस्तानातल्या अलान्यात व्हिला विकणारे पैशाला पासरी; पण गिऱ्हाईक निघालं की त्याच्या गाडीमागे तांब्याभर पाणी ओतणारी सेव्हिलाय एकटीच. तिकडे प्रवासाला निघालेल्या घरच्या माणसामागे असं पाणी ओततात, तो पाण्यासारखा सुखरूप जावा आणि परत यावा म्हणून. सेव्हिलायने ही माया खुशाल धंद्याला जुंपली होती, आणि तिला त्याची अजिबात लाज वाटत नसे.

टेकडीवरचा हा व्हिला मात्र हट्टी निघाला. पुढे समुद्र, मागे केळीच्या बागा, संगमरवरी जिना. तरी तो काही विकला जात नव्हता. त्या दुपारी अंकाराहून आलेले नेज्देत बे नावाचे गृहस्थ सपत्नीक तो पाहून निघाले.

"घर झकास आहे हो, पण इथे कुणीतरी राहतंय असं वाटतं," त्यांची बायको म्हणाली.

"मीच राहते, हानम! लाद्या पुसून पुसून कंबर मोडली माझी," सेव्हिलाय बाईसाहेबांना हसून म्हणाली.

ते गेले. सेव्हिलायने पाणी ओतलं, तांब्या आत ठेवला, दाराला कुलूप घातलं. तिला घाई होती. तिची एकुलती एक लेक पेलिन आज संध्याकाळच्या बसने निघून पुढे जर्मनीला जाणार होती. त्यावरून मायलेकींत आठवडाभर अबोला होता. सकाळी मुलीचा मेसेज आला होता, "येशील ना स्टँडवर?" तो वाचून सेव्हिलाय स्वयंपाकघरात उभी राहून रडली होती.

तिने गाडी सुरू केली, तोच मागे पाणी पडल्याचा आवाज आला.

आरशात पाहिलं. आत्तापर्यंत कोरडा असलेला तिच्या गाडीमागचा रस्ता ओला झाला होता. व्हिलाच्या दाराला कुलूप तसंच होतं, आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

'माळ्याची नळी फुटली असेल,' तिने स्वतःला समजावलं. माळी तर हिवाळ्यातच काम सोडून गेला होता.

वळणं घेत ती खाली उतरली. शेवटच्या वळणावर मशीद लागायला हवी होती. तिथे व्हिलाचं फाटक लागलं.

"झोपेत चालवतेस का गं, बाई?" ती स्वतःवरच खेकसली.

दुसऱ्यांदा ती हळू उतरली, समुद्रावरची नजर न काढता. पुन्हा फाटक.

गाडी तिथेच टाकून, बूट हातात घेऊन ती केळीच्या बागेतून धावत सुटली. घसरली, गुडघे फुटले, उठली.

समोर फाटक. आता व्हिलाचं दार उघडं होतं.

तिने पेलिनला फोन लावला.

"पेलिन, बाळा, मी अडकलेय इथे. बस थांबव जरा!"

पलीकडे स्टँडवरचा गोंगाट होता.

"कोण बोलतंय?"

"अगं, आई!"

 पेलिन शेजारच्या कुणाला तरी म्हणाली, "आई, तुझ्या नंबरवरून कुणीतरी बाई बोलतेय. फोन कुठे विसरलीस का?"

"ठेव तो, राणी," सेव्हिलायच्याच आवाजात उत्तर आलं. "भांडण पुरे झालं आता. ये, जवळ ये."

आणि आठवड्यात पहिल्यांदाच पेलिन हसली.