इंदूबाईचा डावा अंगठा

सकाळी सातला लोधिवलीहून फोन आला आणि फौजदार जया ठोंबरे हातातला चहा तसाच टाकून निघाल्या. माळावरच्या शिल्पबागेतल्या इंदूबाईच्या पुतळ्याचा डावा अंगठा कोणीतरी कापून नेला होता.

दोन्ही तळवे उघडे ठेवून बसलेली बारा फुटी इंदूबाई. लोधिवलीचीच शेतकरीण. ती जिवंत असताना कर्जतच्या यज्ञेश या शिल्पकाराने तिला स्कॅन केलं आणि संगणकावरच्या त्या फाइलवरून यंत्राने तिला काळ्या दगडात कोरलं. हातावरच्या रेषासुद्धा सुटल्या नाहीत. उद्घाटनाला भाषणं झाली, फोटो निघाले. पुढे पंधरवड्यात म्हातारी वारली, आणि मग माळावर फिरकायची ती फक्त गुरं.

जयाबाई साडेसातला पोचल्या. काप सरळ होता, ग्राइंडरचा. शेजारच्या तांब्याच्या शिल्पाला कोणी हातही लावला नव्हता, म्हणजे हे भंगारचोराचं काम नव्हतं.

इंदूबाईचा मुलगा राजेश पुढे आला. साजगावच्या कारखान्यात तो लोखंड कापायच्या कामावर होता.

"मॅडम, भंगलेली मूर्ती ठेवू नाय. पाताळगंगेत सोडतो. खोपोलीची क्रेन येऊन उभीबी हाय."

त्याची बहीण छाया मागे उभी होती. नवरा गेल्यापासून तीच आईजवळ राहिली, तिनेच आईचं सगळं केलं. आता राजेशने आईचा अंगठा असलेलं मृत्युपत्र पुढे केलं होतं: घर, शेत, सगळं त्याला. सोमवारी कोर्टात तारीख. हरली तर छाया रस्त्यावर.

"आईच्या या अंगठ्याला काही खूण होती?" जयाबाईंनी तिला विचारलं.

"व्हती ना. भात कापताना इळा लागलेला. मधोमध खोल चीर, मरेपर्यंत तशीच."

"कोर्टात सांगितलंस?"

"सांगितलं. पन आई तर जळाली. बँकेतले अंगठे निसते शाईचे डाग. वकील म्हनले, पुतळ्याचा फोटो लावू. समद्यांसमोर म्हनले."

जयाबाईंनी सगळ्यांसमोर यज्ञेशला फोन लावला, स्पीकरवर. "अंगठा पुन्हा करता येईल?"

"दोन दिवसांत. फाइल आहे ना. अगदी तसाच, चिरेसकट."

राजेश क्रेनकडे वळून बघू लागला. जयाबाईंना त्याची चीड आली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"मृत्युपत्राची नक्कल छायाने ठाण्यात दिलेल्या तक्रारीत आहे, राजेश. त्यावरचा अंगठा अखंड आहे, चीर नाही. म्हणजे तो आईचा नाही. आईचा खरा अंगठा उरला होता तो इथे, दगडात. म्हणून तू तो कापलास. ग्राइंडर तुझ्या रोजच्या हातातला. गावाला सातला कळलं आणि साडेसातला खोपोलीची क्रेन हजर? ती तू कालच सांगितलीस. चुकलास एवढंच, की हिला देवाची मूर्ती समजलास. भंगली, पाण्यात सोडली, संपलं. ही फाइलमधून पुन्हा उभी राहते."

झडतीत अंगठा घरातच सापडला. देव्हाऱ्यामागे, आईच्या लुगड्यात गुंडाळलेला. तो फेकून द्यायला राजेशचा हात धजला नव्हता.

छायाने तो वीतभर दगड मांडीवर घेतला आणि चिरेवरून बोट फिरवलं.

"शेत मागितलं असतंस तर दिलं असतं रं," ती म्हणाली. "मला निसती पडवी हवी व्हती."